विरोधाचेही खातेवाटप



आपल्या राज्यात विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी एक विधी ठरलेला असतो. सरकार विरोधकांना चहापानाला बोलावते, विरोधक बहिष्कार टाकतात आणि पत्रकार परिषद घेऊन सरकारच्या अपयशाची यादी वाचून दाखवतात. गेल्या कित्येक वर्षांत सत्तेवर कोण आणि विरोधात कोण हे अनेकदा बदलले, विधी मात्र बदलला नाही. यादीत शेतकरी आत्महत्या असतात, पीकविमा असतो, पेपरफुटी असते, रखडलेले सिंचन प्रकल्प असतात, आणि त्यातले बहुतेक खरेही असते. पण ती यादी वाचणाऱ्यांना कोणी विचारले की पीकविम्याचा विषय वर्षभर तुमच्यापैकी कोणाकडे होता, विमा कंपन्यांशी झालेले करार कोणी वाचले आणि उद्या सत्ता आली तर हेच काम कोण वेगळे करून दाखवणार, तर एक नाव पुढे येत नाही. सरकारात प्रत्येक विषयाला एक मंत्री असतो. विरोधात प्रत्येक विषयाला सगळेच असतात, म्हणजे खरे तर कोणीच नसतो. ब्रिटिश संसदीय परंपरेने या उणिवेवर छाया मंत्रिमंडळाचा, म्हणजे सरकारातल्या प्रत्येक खात्यासाठी विरोधी पक्षातला एक माणूस नेमण्याचा, उपाय शोधला. त्याचे वर्णन सहसा ‘सरकारवर नजर ठेवणारी यंत्रणा’ असे केले जाते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. छायामंत्री सरकारला बांधतो त्याहून अधिक स्वतःच्या पक्षाला बांधतो. या पद्धतीचा खरा उपयोग तोच आहे, आणि आपल्याकडचे पक्ष तिच्यापासून दूर राहतात त्याचे कारणही तेच आहे.

ही संस्था कोणी एका दिवशी कायदा करून जन्माला घातली नाही. १८२६ मध्ये जॉन कॅम हॉबहाउस या खासदाराने कॉमन्स सभागृहात ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग केला तो थट्टेत, आणि सभागृह हसले. पण थट्टेत म्हटलेले पुढे गंभीरपणे घेतले गेले. राजनिष्ठा आणि सरकारविरोध एकाच माणसाच्या ठायी असू शकतात, ही कल्पना राज्यव्यवहारात मुरायला शंभरेक वर्षे लागली. कॅनडाने १९०५ मध्ये विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतन द्यायला सुरुवात केली, तर ब्रिटनने १९३७ च्या कायद्याने वर्षाला दोन हजार पौंड मंजूर केले. सरकारला धारेवर धरण्यासाठी सरकारनेच पगार द्यायचा, हे ऐकायला चमत्कारिक वाटते, पण त्यामागचा विचार पक्का होता. १९५५ मध्ये विरोधी पक्षनेते क्लेमंट अॅटलींनी विरोधी बाकांवरच्या आपल्या सहकाऱ्यांना रीतसर खाती वाटून दिली आणि आज आपण ज्याला छाया मंत्रिमंडळ म्हणतो त्याला आकार आला. १९७५ मध्ये सभागृह नेते एडवर्ड शॉर्ट यांच्या पुढाकाराने विरोधी पक्षांच्या संसदीय कामासाठी सार्वजनिक निधीची सोय झाली, आजही तो निधी त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका अधिवेशनकाळात वीस दिवस विरोधकांनी ठरवलेल्या विषयांसाठी राखलेले असतात. मंत्र्याने निवेदन केले की पहिला प्रतिप्रश्न त्या खात्याच्या छायामंत्र्याचा असतो, आणि त्यासाठी निवेदनाची प्रत थोडी आधी त्याच्या हाती देण्याचा शिष्टाचार आहे. इतके असूनही विरोधी पक्षनेता आणि मोजके प्रतोद सोडले तर छायामंत्र्याला जादा पगार नाही, सरकारी मोटार नाही, फाइल आणून देणारा सचिव नाही. त्याच्याकडे असतो एक विषय, आणि त्या विषयावर पक्षाच्या वतीने बोलण्याचा अधिकार.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर काय साधते, हे पाहण्यासाठी १५ फेब्रुवारी १९९६ चा दिवस जवळून पाहू. त्या दिवशी न्यायमूर्ती रिचर्ड स्कॉट यांचा अहवाल संसदेपुढे आला. इराकला शस्त्रनिर्मितीस उपयोगी पडणारी यंत्रसामग्री विकण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे मंत्र्यांनी संसदेला न सांगता सैल केली होती काय, असा चौकशीचा प्रश्न होता. अहवाल अठराशेहून अधिक पानांचा. मंत्र्यांना तो आठवडाभर आधी मिळालेला, आणि विरोधकांच्या वतीने बोलणाऱ्या रॉबिन कुक यांना वाचायला मिळाले दोन-तीन तास, तेही देखरेखीखाली, प्रत काढून न घेता. सरकारचा हिशेब उघड होता : अठराशे पानांतले नेमके पान दोन तासांत कोणाला सापडणार? पण कुक उभे राहिले आणि अहवालातल्या निष्कर्षांवर नेमके बोट ठेवत गेले. त्या भाषणाची गणना कॉमन्समधल्या गाजलेल्या भाषणांत होते. याचे श्रेय केवळ बुद्धिमत्तेला देऊन भागणार नाही. १९९२ च्या अखेरीस ‘मॅट्रिक्स चर्चिल’ कंपनीच्या संचालकांवरचा खटला कोसळला आणि चौकशी नेमली गेली, तेव्हा कुक व्यापार आणि उद्योग खात्याचे छायामंत्री होते. पुढे परराष्ट्र खाते त्यांच्याकडे आले तरी हा विषय त्यांनी सोडला नाही. म्हणजे त्या दोन-तीन तासांच्या मागे तीन वर्षांहून अधिक काळाचा अभ्यास उभा होता. कोणती तारीख शोधायची, कोणत्या मंत्र्याचे कोणते उत्तर कोणत्या कागदाशी ताडून पाहायचे, हे त्यांना अहवाल उघडण्याआधीच ठाऊक होते. २६ फेब्रुवारीच्या मतदानात सरकार वाचले, पण ३२० विरुद्ध ३१९, केवळ एका मताने.

आता आपल्याकडे पाहू. अभ्यासू विरोधकांची महाराष्ट्राला कधी वाण नव्हती. गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळवण्यासाठी नाथ पै यांनी खासगी विधेयक आणले आणि देशभरच्या कायदेपंडितांना त्याची दखल घ्यावी लागली. सभागृहाच्या नियमांवर मधु लिमयांची अशी हुकमत होती की ते उभे राहिले की मंत्री कागद चाळू लागत. मधु दंडवते विरोधी बाकांवरून अर्थसंकल्पावर बोलत तेव्हा ऐकणाऱ्याला आकडे कळत. पुढे रेल्वे आणि अर्थ ही दोन्ही खाती त्यांनी सांभाळली. पण या तिघांचा अभ्यास ही त्यांची वैयक्तिक कमाई होती. त्यामागे पक्षाने नेमून दिलेले पद नव्हते, म्हणून त्यांच्यानंतर ते पद रिकामे झाले असे म्हणायचीही सोय नव्हती. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै गेले आणि त्याच वर्षी राजापूर मतदारसंघातून दंडवते निवडून आले, हे राजापूरचे भाग्य. संसदीय व्यवस्था अशा भाग्यावर सोपवता येत नाही. सामान्य कुवतीच्या पण मेहनती आमदारालाही एक विषय तीन-चार वर्षे सांभाळायला दिला तर तो मंत्र्याला अडचणीत आणू शकतो. छायामंत्र्यांची पद्धत असामान्य माणसांची वाट पाहत बसत नाही, म्हणून मी तिला मोल देतो.

इथवर सरकारवरच्या अंकुशाचा विचार झाला. बंधनाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. एप्रिल १९६८ मध्ये हुजूर पक्षाचे छाया संरक्षणमंत्री इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध आग ओकणारे भाषण केले. त्यांच्याकडे खाते संरक्षणाचे होते, स्थलांतराचा विषय दुसऱ्याकडे. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढले. भाषणाला जनतेतून मोठा पाठिंबा मिळत होता, तरीही काढले. पक्षाच्या वतीने बोलणाऱ्याला पद दिलेले असले की ते पद काढून घेऊन पक्षाला आपली भूमिका ठरवता येते. आपल्याकडे अशा वेळी ‘ते त्यांचे वैयक्तिक मत आहे’ एवढे एक वाक्य पुरते. सकाळी एक नेता प्रकल्पाला विरोध करतो, संध्याकाळी दुसरा स्वागत करतो, आणि पक्षाची भूमिका विचारली तर दोन्ही बाजूंनी हात वर होतात. जिथे खाते नेमलेले नाही, तिथे शब्द फिरवल्याचा दोष कोणाच्याच माथी येत नाही.

याच मुद्द्यावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो, आणि त्याला ब्रिटनच्याच इतिहासाचा आधार आहे. मार्च १९९२ मध्ये मजूर पक्षाचे छाया अर्थमंत्री जॉन स्मिथ यांनी निवडणुकीच्या तोंडावर स्वतःचा पर्यायी अर्थसंकल्प मांडला. निवृत्तिवेतन आणि मुलांसाठीचा भत्ता किती वाढवू हे सांगितले, आणि त्यासाठी वरच्या उत्पन्नगटावर कर किती वाढेल तेही सांगितले. हुजूर पक्षाने त्या आकड्यांवरच प्रचार उभा केला आणि एप्रिलमध्ये मजूर पक्ष हरला. मग कोणता शहाणा पक्ष आपला हिशेब आधी उघड करील? विरोधकाने नेमके काही बोलूच नये, असे सल्लागार तेव्हापासून सांगत आले आहेत. आक्षेप खरा आहे, नेमकेपणाची किंमत मोजावी लागते. पण पुढची गोष्टही पाहिली पाहिजे. कराच्या भीतीवर निवडणूक जिंकलेल्या सरकारने मार्च १९९३ च्या अर्थसंकल्पात घरगुती इंधनावर मूल्यवर्धित कर लावण्याची घोषणा केली. मतदारांसमोर हा आकडा कोणी ठेवलेला नव्हता. स्मिथ यांनी निदान बिल आधी दाखवले होते. कोणत्या पक्षाने लोकांना अधिक मान दिला, याचे उत्तर मतपेटीतून लगेच मिळत नाही. शिवाय मजूर पक्षाने या पराभवातून छाया अर्थमंत्रीपद रद्द करण्याचा धडा घेतला नाही. गॉर्डन ब्राउन यांनी ते पद १९९२ ते १९९७ सांभाळले, करांविषयीची पक्षाची आश्वासने कमी आणि काटेकोर केली, आणि सत्तेवर येताच ६ मे १९९७ रोजी, निवडणुकीनंतर अवघ्या पाच दिवसांत, व्याजदर ठरवण्याचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडला देऊन टाकला. जाहीरनाम्यात हा निर्णय इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हता, ही टीका रास्त आहे. पण पाच दिवसांत असा निर्णय घेता येतो तो पाच वर्षे त्या खात्याचा विचार केलेला असतो म्हणून. १९६४ पासून ब्रिटनमध्ये निवडणुकीपूर्वी विरोधी पक्षाला वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांशी बोलण्याची मुभा देण्याची रूढी आहे, तीही याच तयारीसाठी. आपल्याकडे नवा मंत्री शपथ घेतो तेव्हा त्याला खाते कोणते मिळणार हेच अनेकदा ठाऊक नसते.

दुसरा आक्षेप असा की ब्रिटनमध्ये मुख्य पक्ष दोन, आपल्याकडे विरोधकच तीन-चार पक्षांत विभागलेले, मग खाती कोणाला द्यायची? यावर ऑस्ट्रेलियाकडे बोट दाखवता येईल. तिथे लिबरल आणि नॅशनल हे दोन पक्ष प्रदीर्घ काळ विरोधातही एकत्र बसून छाया खाती वाटून घेत आले आहेत. पण इतके दूर जायची गरज नाही. गेली तीन दशके महाराष्ट्रात आघाड्यांचे किंवा युतीचे राज्य आहे. गृह कोणाकडे, वित्त कोणाकडे, जलसंपदा कोणाकडे, यावर रात्रंदिवस बैठका होतात आणि अखेर वाटप होतेच. सत्तेत खाती वाटून घेण्याची कला ज्यांना इतकी अवगत आहे, त्यांना ती विरोधात जमणार नाही असे मानणे कठीण आहे. फरक एवढाच की सत्तेत खात्याबरोबर अधिकार येतो, विरोधात फक्त काम.

तिसरा आक्षेप संसदीय समित्यांच्या बाजूने येतो. १९९३ पासून आपल्या संसदेत विभागवार स्थायी समित्या आहेत, १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी सदस्याकडे देण्याचा प्रघात आहे आणि त्याची सुरुवात मिनू मसानींपासून झाली. एवढे असताना छायामंत्री कशाला? समित्यांचे काम मोलाचे आहे यात वाद नाही. पण समितीचे कामकाज बंद दाराआड चालते, अहवाल शक्यतो एकमताने होतो आणि स्थायी समिती दरवर्षी नव्याने नेमली जाते. शिवाय विधेयक समितीकडे पाठवायचे की नाही, हे बव्हंशी सरकारच्या मर्जीवर आहे. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. समितीतला विरोधी सदस्य पक्षाच्या वतीने पर्याय मांडत नाही, तसे त्याने करणे अपेक्षितही नाही. समिती तपासते, छायामंत्री पर्याय मांडतो, अशी ही दोन वेगळी कामे आहेत. समितीतून मिळालेली माहिती सभागृहात आणि लोकांत नेणारा नेमका माणूस हवा असेल, तर तो छायामंत्रीच असू शकतो.

चौथा आक्षेप चळवळीतल्या मंडळींचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे की आपल्या देशात खरा विरोध रस्त्यावर झाला. मोर्चा, रास्ता रोको, उपोषण यांनी सरकारे हलली. छायामंत्री म्हणजे विरोधाला कोट-टाय घालून सरकारच्या शेजारी बसवणे. या भीतीत तथ्य आहे, कारण जबाबदारीची भाषा बोलता बोलता विरोधक मवाळ होऊ शकतो. पण महाराष्ट्राचाच दाखला घेऊ. १९७२ च्या दुष्काळात डाव्या आणि समाजवादी पक्षांनी कामासाठी आणि मजुरीसाठी मोठा रेटा लावला. त्या रेट्याशिवाय रोजगार हमी उभी राहिली नसती. पण केवळ रेट्यानेही राहिली नसती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्या योजनेचा आराखडा मांडला, आणि अखेर १९७७ मध्ये कायदा झाला. मोर्चातली मागणी कलमाच्या भाषेत बसवणारा कोणीतरी सभागृहात असावा लागतो. त्या वेळी तो सत्ताधारी बाजूला सापडला. दर वेळी सापडेल याची हमी काय? चळवळीला विधिमंडळात आपल्या विषयाचा नेमका माणूस ठाऊक असेल, तर निवेदन कोणाच्या हाती द्यायचे आणि सहा महिन्यांनी जाब कोणाला विचारायचा, हेही ठाऊक असते.

आता आपल्याकडच्या प्रयोगांविषयी. २००५ मध्ये महाराष्ट्रात भाजप आणि शिवसेनेने छाया मंत्रिमंडळाचा घाट घातला होता. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने नवी मुंबईतल्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात आपले ‘प्रतिरूप मंत्रिमंडळ’ जाहीर केले. दोन्ही प्रयोगांची नोंद आदराने घ्यायला हवी, कारण इतरांनी तेवढेही केले नाही. पण दोन्ही टिकले नाहीत. मनसेच्या घोषणेच्या दिवशीच पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण आढळले आणि राजकारणाचा सगळा पट बदलला, हे दुर्दैव म्हणता येईल. पण मूळ अडचण निराळी होती. त्या पक्षाचा विधानसभेत तेव्हा एकच आमदार होता. सभागृहाबाहेरचा छायामंत्री तारांकित प्रश्न विचारू शकत नाही, लक्षवेधी मांडू शकत नाही, पुरवणी मागण्यांवर बोलू शकत नाही. मंत्र्यावर त्याला उत्तर देण्याचे बंधन नसते, आणि छाया मंत्रिमंडळाची सारी ताकद त्या बंधनात आहे. २००५ च्या वेळी आमदारांचे बळ होते, पण नावांच्या यादीपलीकडे खात्यागणिक कामाचा लेखी हिशेब लोकांपुढे येत राहील अशी प्रथा रुजली नाही. या प्रयोगांवरून पद्धत आपल्या मातीत रुजत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एका प्रयोगात सभागृह नव्हते, दुसऱ्यात सातत्य नव्हते.

मग अडते कुठे? कायद्यात नक्कीच नाही. १९७७ च्या केंद्रीय कायद्याने विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याच्या बरोबरीचे वेतन आणि सुविधा दिल्या, आणि तेव्हा लोकसभेत त्या पदावर होते आपले यशवंतराव चव्हाण. गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळलेला माणूस विरोधी बाकांवर होता, भोवती अनुभवी माजी मंत्री होते. छाया मंत्रिमंडळ रूढ करायला याहून चांगली वेळ कोणती? तरीही ते रूढ झाले नाही. पुढे दशांश सदस्यसंख्येच्या अटीवर बोट ठेवून २०१४ पासून दहा वर्षे लोकसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता. १९७७ च्या कायद्यात ही अट नाही, ती लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांतून आणि प्रघातातून आलेली. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ सदस्यांच्या आपल्या विधानसभेतही एकाही विरोधी पक्षाकडे २९ आमदार नव्हते आणि तोच वाद इथे उभा राहिला. पद मिळावे म्हणून विरोधकांनी केलेला आग्रह योग्यच आहे. पण खातेवाटपासाठी अध्यक्षांच्या मान्यतेची गरज नसते, हे ते विसरतात. वीस आमदारांचा गटही उद्या सकाळी सहा जणांना सहा खाती नेमून देऊ शकतो. ते होत नाही, कारण खाते दिले की दुसऱ्या फळीतल्या माणसाला स्वतःचे वजन येते. त्याला विषय कळू लागतो, पत्रकार त्याला फोन करू लागतात, आणि नेत्याला त्याच्याशी विचारविनिमय करावा लागतो. एका चेहऱ्यावर चालणाऱ्या पक्षांना हे परवडत नाही. त्यात उद्या सत्ताधाऱ्यांच्या गोटात जाण्याचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर आज एखाद्या विषयावर लेखी भूमिका घेणे गैरसोयीचे ठरते.

म्हणून सुरुवात लहान पण नेमकी असावी. वित्त, कृषी, जलसंपदा, गृह, शालेय शिक्षण आणि सार्वजनिक आरोग्य या सहा खात्यांसाठी सहा आमदार नेमावेत, निदान दोन वर्षे बदलू नयेत, आणि पक्षाच्या वतीने त्या विषयावर तेच बोलतील असे जाहीर करावे. प्रत्येकाने वर्षातून एकदा, अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी, आपल्या खात्याचा लेखी लेखाजोखा प्रसिद्ध करावा. त्यात सरकारचे काय चुकले एवढेच लिहून भागणार नाही. आपण काय केले असते, त्याला किती पैसे लागले असते आणि ते कोणत्या मागणीतून काढले असते, हेही लिहावे. विधिमंडळ सचिवालयाने या कामासाठी अभ्यासक साहाय्यक द्यावेत, आणि विरोधकांच्या संशोधनासाठी सार्वजनिक निधीची तरतूद व्हावी. निवडणूक खर्चाच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक असेल. विधानसभा नियम २९३ खालील चर्चा किंवा अंतिम आठवडा प्रस्ताव त्या त्या खात्याच्या छायामंत्र्याने मांडावा, पायऱ्यांवर घोषणा देणाऱ्यांच्या रांगेत जो पुढे असेल त्याने नव्हे.

हे सरकारच्या फायद्याचे आहे, हेही शेवटी सांगतो. नेमका विरोधक समोर असला की मंत्र्यालाही आपल्या खात्याचा अभ्यास करावा लागतो, अधिकाऱ्याने लिहून दिलेले उत्तर वाचून भागत नाही. पण छाया मंत्रिमंडळाची मागणी सरकारकडून येणार नाही, आणि विरोधी पक्षाच्या नेत्यांकडूनही सहजासहजी येणार नाही. ती मतदारांनी केली पाहिजे. आपल्या भागातले अर्धवट धरण, बंद पडलेले आरोग्य केंद्र, शिक्षकाविना शाळा यांबद्दल सत्ताधारी आमदाराला जाब विचारायला आपण शिकलो आहोत. तोच प्रश्न आता विरोधी पक्षालाही विचारायला हवा : हा विषय तुमच्यात कोणाकडे आहे आणि वर्षभरात त्याने काय केले? ज्या पक्षाला या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येत नाही, त्याने राज्य चालवायला मत मागावे का, याचा निर्णय मतदाराच्या हातात आहे, आणि तो विचारपूर्वक घ्यावा एवढीच विनंती.